मौद्यातली शर्यत

नागपूरहून भंडारा रोडने निघालं की कन्हानकाठचं मौदा लागतं. वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दुरूनच दिसतात.

ईदनंतर आपांना भेटायला आम्ही तिथे गेलो, तेव्हा दहावीतला भाचा मोबाईलवर थेट शर्यत पाहत होता. दादींनी विचारलं, “अरे, ही मोटार खरी की खोटी?” मोटार आणि रस्ता संगणकातले, स्टिअरिंग, ब्रेक आणि चालवणाऱ्याचे हात खरे. दादींना शंकरपट आठवला. “म्हणजे बैलांशिवायचा पट!”

भाच्याने सांगितलं, ब्रिटनचा यान मार्डनबरो असंच खेळून 2011 मध्ये स्पर्धा जिंकला आणि 2013 मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत खरी गाडी घेऊन उतरला. त्यालाही स्टिअरिंग हवं होतं. दुल्हेभाई कंत्राटी कामावर. त्यात महिन्याचा पगार गेला असता.

घरात बोलणं झालं. पैसे लावायचा खेळ म्हणजे जुगार, तो उंबऱ्याबाहेर. 2025 च्या केंद्रीय कायद्यानेही तशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालून ई-स्पोर्ट्स वेगळे ठेवले आहेत. कसबाच्या खेळाला ना नाही. पण आधी दहावी.

दुल्हेभाई म्हणाले, “इन्शाअल्लाह, सुट्टीत जुनं स्टिअरिंग शोधू. आधी गणिताचं पुस्तक काढ.”

त्याने ते लगेच काढलं.