व्याख्येबाहेरचं वाचन

गिक्स या मुक्त सॉफ्टवेअरच्या डिस्ट्रिब्यूशनमध्ये नवं पॅकेज घालायचं तर स्कीम भाषेत वीस-पंचवीस ओळींची व्याख्या लिहावी लागते. नाव, आवृत्ती, सोर्स कुठून आणायचा, त्याचा हॅश, बिल्डला काय काय लागतं, वर्णन, परवाना. कुणीतरी हौसेनं ती लिहून पाठवतं आणि माझ्यासारखे काहीजण ती तपासतात. वाचायला पाच मिनिटं पुरतात, तपासायला कधी अख्खी संध्याकाळ जाते. कारण ती ज्या कोडबद्दल बोलते तो उघडल्याशिवाय तिचं खरंखोटं कळत नाही.

परवान्याचंच घ्या. ‘फक्त जीपीएल ३’ की ‘जीपीएल ३ किंवा पुढची कोणतीही आवृत्ती’, हे परवान्याच्या फाइलवरून ठरत नाही. दोन्हीकडे फाइल तीच असते. ते लिहिलेलं असतं एकेका सोर्स फाइलच्या माथ्यावर. म्हणून मी फाइली चाळते. चाळताना एखाद्या फोल्डरमध्ये दुसऱ्याच प्रकल्पाची लायब्ररी जशीच्या तशी आणून ठेवलेली सापडते. झेडलिब ही कॉम्प्रेशनची लायब्ररी तर किती ठिकाणी! मूळ लेखकानं ती सोयीसाठी ठेवलेली असते, त्यात वाईट हेतू नसतो. पण २०२२ च्या मार्चमध्ये झेडलिबमधली मेमरीची एक चूक १.२.१२ या आवृत्तीत दुरुस्त झाली. डिस्ट्रिब्यूशनचं झेडलिब वापरणाऱ्या पॅकेजांना अशी दुरुस्ती एकाच ठिकाणच्या बदलानं मिळते. ज्यांच्या पोटात स्वतःची जुनी प्रत आहे, त्यांना तिचा काही उपयोग नाही. ती प्रत सोर्समधून काढा आणि आपलं झेडलिब इनपुट म्हणून द्या, हा आग्रह मी सोडत नाही.

हॅश जुळला की आपल्याला मिळालेली फाइल व्याख्या लिहिणाऱ्याला मिळाली तीच आहे, एवढंच सिद्ध होतं. ती चांगली आहे की नाही, हे हॅश सांगत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जादा लागताना दिसला आणि त्याचा माग काढत ते एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरमधल्या चोरदरवाज्यापर्यंत पोहोचले. त्याचा काही भाग चाचण्यांच्या फाइलींत दडवून गिटमध्येही ठेवलेला होता. पण बिल्डच्या वेळी तो जागा करणारी एम४ फाइल फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. म्हणून सोर्स शक्य तिथे गिटच्या टॅगवरून घ्यावा, असं मी सुचवते. टारबॉलमधल्या तयार बिल्ड-फाइली मग आपल्यालाच तयार कराव्या लागतात, त्यासाठी ऑटोटूल्सही इनपुटांत घालावी लागतात, बिल्ड लांबतं. लांबू दे.

बिल्ड मी दोनदा करते. गिक्स ते बंदिस्त वातावरणात करतं, तिथे इंटरनेट नसतं, त्यामुळे गुपचूप काही डाउनलोड करू पाहणारी स्क्रिप्ट तिथेच अडकते. दोन्ही निकाल बिट न् बिट जुळले नाहीत, तर बहुधा कुठेतरी बिल्डची वेळ छापली गेलेली असते.

चाचण्या बंद केल्याची ओळ दिसली की मी थांबते. नेटवर्क लागतं म्हणून काही चाचण्या चालत नसतील तर तेवढ्याच वगळाव्यात आणि कारण शेजारी टिपणीत लिहावं.

ओळींच्या समासातली चूक किंवा वर्णनातलं ‘अत्याधुनिक’ हे विशेषण मी स्वतःच दुरुस्त करते. तेवढ्यासाठी कुणाचा पहिलावहिला पॅच परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. परवाना, पोटातल्या लायब्रऱ्या आणि बंद चाचण्या मात्र कारणासकट लिहिणाऱ्याकडेच परत जातात. पुढची आवृत्ती आली की ही फाइल बहुधा तेच उघडणार असतात.