पिंपाला झाकण, लेकराला सोबत

आमच्या वस्तीत नळाला पाणी दिवसाआड येते, तेही तासभर. पिंप, टिपाड, हंडे, बादल्या भरून ठेवल्याशिवाय आमचा संसार चालत नाही. बुडणे म्हटले की आपल्याला नदी, विहीर, पूर आठवतो. पण रांगणाऱ्या किंवा नुकतेच चालू लागलेल्या लेकराला मोरीतली बादलीही पुरते.

या वयात मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. पाण्यात हात घालायला ते वाकते, तोल जातो आणि ते डोक्यावर आत पडते. स्वतःला बाहेर ओढून घेण्याचे बळ त्याच्या हातांत नसते. नाकतोंड बुडेल एवढे, तीन-चार बोटे पाणी पुरे. आणि ओरडायला श्वासच नसतो, म्हणून शेजारच्या खोलीतही काही ऐकू येत नाही. काही मिनिटांतच मेंदूला इजा होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता.

आमच्या गल्लीत दीड वर्षाचे एक लेकरू अर्ध्या कापलेल्या टिपाडात गेले. भेटायला येणारा जो तो विचारी, "आई कुठे होती?" आई नळावर रांगेत होती. बाप कामावर होता. हंडा भरला नसता तर घरात चूल पेटली नसती. बाप कुठे होता, शेजारी कुठे होते, पाणी तासभरच का येते, हे कोणी विचारले नाही. त्या माउलीला दोष देऊन दुसरे लेकरू वाचणार आहे काय?

बांगलादेशात दिसून आले, की एक ते चार वर्षांची बहुतेक मुले सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात बुडतात. म्हणजे आई कामात असते तेव्हाच. तिथे गावोगावी या वेळेपुरती पाळणाघरे काढली आणि बुडणाऱ्या मुलांची संख्या पुष्कळ घटली.

आम्ही बायकांनी त्यातून एवढेच घेतले : नळाच्या तासाला पाळीपाळीने एकीने समाजमंदिरात सगळ्यांची लेकरे सांभाळायची. पुरुषांनाही पाळी लावली. सात-आठ वर्षांच्या ताईवर ते ओझे टाकायचे नाही, तीही लेकरूच.

घरात पिंपाला घट्ट झाकण हवे. काम झाले की बादली पालथी घालावी. मोरीला दार किंवा आडवी फळी लावावी. जमिनीतल्या टाकीच्या झाकणाला कुलूप असावे. बांधकामावर राहणाऱ्या कुटुंबांनी पाण्याचे खड्डे झाकून देण्याचा आग्रह मुकादमाकडे धरावा.

तरीही मूल पाण्यात सापडले तर त्याला उलटे टांगू नये, गरगर फिरवू नये, पोट दाबू नये. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आले तरी दवाखान्यात न्यावेच. ही रीत वाचून येत नाही, म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर वा परिचारिकेला वस्तीत बोलावून ती शिकून घ्यावी.

झाकण घरचे, पण सोबत गल्लीची. पुढच्या पाण्याच्या दिवसापासून आपल्या गल्लीतही पाळ्या लावाव्यात, ही विनंती.