कारीट

तेहेतीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. त्या काळात मुलांच्या ज्या ज्या वस्तू मी जप्त केल्या त्या एकत्र मांडल्या तर एक लहानसे दुकान सहज निघेल. भोवरे, गोट्या, गलोली, चिंचा, दप्तरात दडवलेल्या रहस्यकथा आणि अगदी शेवटी शेवटी मोबाईल. रहस्यकथांच्या बाबतीत माझा एक नियम असे. जप्त केलेले पुस्तक शिक्षकांच्या खोलीत बसून आधी मी स्वतः वाचायचे, आणि मगच ते परत करायचे की पालकांना बोलवायचे हे ठरवायचे. या नियमामुळे शाळेची शिस्त कितपत सुधारली ते सांगता येणार नाही. पण माझ्या बऱ्याच चांगल्या रहस्यकथा वाचून झाल्या, एवढे खरे!

गेल्या दिवाळीत हा नियम पुन्हा उपयोगी पडला. वसुबारसेच्या आधी चार दिवस मी पुण्याला मुलाकडे आले होते. दुपारी चकलीची भाजणी चाळत बसले होते, तोच आतल्या खोलीतून धडाधड स्फोट ऐकू आले. मला वाटले, खाली कोणी आतापासूनच फटाके उडवीत आहे. दार लोटून पाहते तो आमचा चौदा वर्षांचा नातू पलंगावर मांडी ठोकून बसलेला, हातात कंट्रोलर, आणि समोर टीव्हीच्या पडद्यावर लाल टोपी घातलेला एक तरुण हातांतून धूर आणि निखारे फेकतो आहे. मोटारी काड्यापेटीसारख्या उडत होत्या. शिपाई पडत होते. आणि आमच्या बाळाच्या चेहऱ्यावर गणिताचा पेपर सोपा गेल्याचे समाधान!

माझा हात सवयीने पुढे झाला. "आण ते इकडे."

"आजी, थांब ना, सेव्ह करू दे."

डबी हातात आली. मावसभावाने त्याचे खेळून झाल्यावर याला दिलेली जुनी डिस्क. नाव, 'इन्फेमस: सेकंड सन'. इन्फेमस म्हणजे कुप्रसिद्ध. डबीच्या कोपऱ्यात 16 हा आकडा ठळक छापलेला. मी त्यावर बोट ठेवले. नातू वकिलाच्या थाटात म्हणाला, "ते युरोपचं आहे. अमेरिकेत याला टीन आहे, म्हणजे तेरा वर्षांच्या पुढे. मी चौदाचा आहे."

त्याचे म्हणणे खरे निघाले. म्हणजे हा मुलगा अटलांटिकच्या पलीकडे गेला तर त्या खेळाला लायक, आणि अलीकडे आला तर नालायक. मग पुण्यात त्याचे काय करायचे?

रात्री घरात त्यावर परिषद भरली. सूनबाईंचे मत, डिस्क दिवाळीच्या साफसफाईतच बाहेर जावी. मुलाचे म्हणणे, "आम्ही लहानपणी मारामारीचे सिनेमे काय कमी पाहिले? बिघडलो का?" या प्रश्नाला सूनबाईंनी ज्या नजरेने उत्तर दिले ते इथे लिहिण्याजोगे नाही. शेवटी मी म्हटले, "जप्त केलेलं पुस्तक मी वाचल्याशिवाय कधी परत केलं नाही. हा खेळ मी आधी बघते."

अशा रीतीने मी चार संध्याकाळ त्या खोलीत काढल्या.

हा खेळ तसा जुना. 2014 च्या मार्चमध्ये प्लेस्टेशन 4 साठी तो निघाला. करणारी मंडळी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलशेजारच्या बेलव्ह्यू गावची, आणि खेळ घडतो तोही सिअ‍ॅटलमध्येच. स्वतःच्याच गावाची अशी मोडतोड करण्याची हौस मला आधी नवलाची वाटली. मग आठवले, दिवाळीत आपली मुले मोठ्या प्रेमाने मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात, आणि शेवटच्या दिवशी सुतळी बॉम्ब लावून तो उडवतातही. या प्रकारच्या खेळाला 'ओपन वर्ल्ड' म्हणतात. म्हणजे ठरलेल्या एकाच वाटेने जायचे नाही; सारे शहर मोकळे, वाटेल त्या गल्लीत शिरा, वाटेल त्या गच्चीवर चढा. आमचा नायक डेल्सिन धुराचा होऊन इमारतीच्या झरोक्यात शिरे आणि वर छपरावरून बाहेर पडे. सिअ‍ॅटलच्या प्रसिद्ध 'स्पेस नीडल' मनोऱ्यावर तो चढला तेव्हा माझेच पाय लटपटले.

हा डेल्सिन म्हणजे भिंतींवर चित्रे काढणारा एक उनाड पोरगा. ज्याला स्पर्श करावा त्याची शक्ती याच्या अंगात येते. आधी धूर, मग निऑनचा प्रकाश, असे चालते. ऑगस्टीन नावाची एक अधिकारी बाई त्याच्या वस्तीतल्या माणसांच्या शरीरात काँक्रीटच्या सळ्या रुतवते. त्यांना बरे करायचे तर तिचीच शक्ती मिळवली पाहिजे, म्हणून तो शहरात येतो. बरोबर थोरला भाऊ रेजी, पोलीस खात्यातला, धाकट्याच्या पायी सदा चिंतेत. भिंतीवर चित्र काढायचे असले की कंट्रोलर उभा धरून रंगाच्या डब्यासारखा खळखळ हलवायचा, आणि तो खरोखरच खळखळतो. पुढे कापलेल्या छापातून रंग मारायचा. ते पाहून मी म्हटले, "अरे, हे तर आपले रांगोळीचे छाप!" तेव्हापासून चित्रे काढण्याचे काम माझ्याकडे आले.

पण मला खरे गुंतवले ते एका शब्दाने. या खेळात तुमच्या वागण्याचा हिशेब ठेवतात, आणि त्या हिशेबाला नाव दिले आहे 'कर्म'. आपलाच शब्द, सातासमुद्रांपलीकडे जाऊन, निळा-लाल अंगरखा घालून आमच्या घरी परत आलेला! जखमी वाटसरूला हात देऊन उठवले की निळे कर्म. रस्त्यातल्या निरपराध माणसाला मारले की लाल. शिपाई घायाळ होऊन खाली पडला की तुम्ही दोनपैकी एक करू शकता. त्याला जमिनीला जखडून ठेवा, निळे. ठार करा, लाल. फेच नावाची एक मुलगी भेटते. नशेच्या भरात तिच्या हातून सख्ख्या भावाचा जीव गेलेला. तिला सावरायचे की आणखी बिघडवायचे, हेही खेळणाऱ्यानेच ठरवायचे. सूनबाईंना धास्ती होती ती स्फोटांची. मला वाटते, चौदाव्या वर्षी जड जाईल असे काही त्या डिस्कमध्ये असेल, तर ते या मुलीच्या गोष्टीत आहे.

शिक्षिकेला हा निळा-लाल हिशेब आवडायला हवा. जन्मभर मी दुसरे काय केले? पण दोन संध्याकाळींत मला त्यातली गोम कळली. तिथले सत्कर्म लगेच वटते. काही शक्ती निळ्या वाटेने जाणाऱ्यालाच मिळतात, काही लाल वाटेने जाणाऱ्यालाच. थोडे बरे, थोडे वाईट अशा तुमच्या-माझ्यासारख्या माणसाचा दोन्हीकडून तोटा. आणि एकामागून एक सत्कृत्ये केली की बक्षीस काय? डेल्सिन आभाळात उंच जातो आणि खाली येऊन असा आदळतो की आजूबाजूचे सगळे शत्रू एकदम आडवे! भलेपणाचे फळ म्हणजे आणखी मोठा स्फोट. नातू वाटसरूंना भराभर उठवीत सुटला होता. मी विचारले, "याच्यासाठी का?" तो मोकळेपणाने म्हणाला, "हो. मीटर भरायचाय."

या काळजीला मोठा इतिहास आहे. 1993 साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये अशा खेळांवरून सुनावण्या झाल्या, आणि त्यातूनच पुढल्या वर्षी तिथे वयाचे शिक्के मारणारी संस्था निघाली. युरोपातली पद्धत 2003 ची. कॅलिफोर्नियाने हिंसक खेळ अठरा वर्षांखालच्यांना विकायला बंदी करणारा कायदा केला, तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये रद्द ठरवला. न्यायमूर्तींनी निकालपत्रात लिहिले की मुलांच्या परीकथांत तरी रक्तपात कुठे कमी आहे? त्यांनी ग्रिम बंधूंची उदाहरणे दिली. आपल्याकडचे कोणी तिथे असते तर बकासुर आणि हिरण्यकशिपू सांगितले असते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघाने 2020 मध्ये असे म्हटले की, या खेळांचा आणि ओरडणे, ढकलाढकली करणे अशा वागण्याचा थोडा संबंध दिसतो. पण खऱ्याखुऱ्या हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडायला पुरेसा पुरावा नाही. तात्पर्य, विद्वानांनीही चेंडू पुन्हा आमच्याच अंगणात टाकला.

तिसऱ्या संध्याकाळी नातू म्हणाला, "आजी, आता तू खेळ." मी नको नको म्हणत कंट्रोलर हातात घेतला. चारी बाजूंनी गोळ्या येत होत्या. कुठली कळ कशाची, याचा पत्ता नव्हता. कसाबसा एक शिपाई माझ्या हातून खाली पडला. पडद्यावर दोन खुणा आल्या. मी घाईने एक कळ दाबली. लाल!

"आजी!" नातू ओरडलाच. "अगं, तो पडला होता ना!"

"बोट चुकलं रे," मी म्हटले. पण ते खरे होते का? घाबरलेल्या आणि चिडलेल्या माणसाच्या हाताला जे सोपे वाटते ते मी केले होते. आणि त्याच्या त्या चार शब्दांनी मला चाळीस वर्षे मागे नेले. सहावीच्या वर्गात एका मुलीचा डबा नाहीसा झाला होता. चौकशी केली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा आपण होऊन उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, "बाई, मी खाल्ला. भूक लागली होती." तिथेच सारे संपायला हवे होते. पण सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता, आणि सकाळपासून माझे डोके दुखत होते. मी पट्टी उचलली आणि त्याच्या हातावर सहा वेळा मारली. त्या दिवशी लाल काही पेटले नाही. उलट वर्ग चिडीचूप झाला, आणि मुख्याध्यापकांनी माझ्या शिस्तीचे कौतुक केले. तो पडला होता, हे मला सांगणारे कोणी नव्हते.

चौथ्या संध्याकाळी रेजी गेला. ऑगस्टीनच्या काँक्रीटने त्याचे अंग धरत चाललेले, धाकटा त्याचा हात धरून लोंबकळतो आहे, आणि थोरला त्याला आपला अभिमान वाटत असल्याचे सांगून हात सोडतो. या एवढ्या प्रसंगात खेळणाऱ्याला काहीच ठरवायचे नसते. ना निळे, ना लाल. नातवाने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि बराच वेळ तो गप्प बसला. मग उगाचच म्हणाला, "पाणी आणतो." मी त्याच्याकडे पाहिले नाही. चौदा वर्षांच्या मुलाला डोळे पुसायला सवड द्यावी लागते.

दोन दिवसांनी नरकचतुर्दशी आली. माझे माहेर मालवणकडचे, तेव्हा कारीट फोडल्याशिवाय आमची दिवाळी सुरू होत नाही. मंडईतून सूनबाईंनी आठवणीने आणली होती. पहाटे गच्चीतल्या तुळशीच्या कुंडीपाशी नातू उभा राहिला, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते लहानसे हिरवे फळ घेतले, आणि दाबण्याआधी थांबला.

"आजी, नरकासुराला नुसतं जखडून नसतं ठेवता आलं?"

सूनबाई हसल्या. मला हसू आले नाही. मी त्याला सांगितले की नरकासुर हा भूमीचा मुलगा, म्हणून त्याला भौमासुर म्हणतात. त्याने हजारो स्त्रियांना कोंडून ठेवले होते, म्हणून त्याला मारावे लागले. पण मरताना त्याने मागणे मागितले, या तिथीला जो मंगलस्नान करील त्याला नरकाची पीडा होऊ नये, आणि श्रीकृष्णाने ते दिले. आपण आज पहाटे उठून अंगाला तेल-उटणे लावतो ते एका पडलेल्या शत्रूचा शब्द राखण्यासाठी.

त्याने अंगठा दाबला. कारीट फुटले. मी बोटावर त्याचा रस घेऊन आधी माझ्या जिभेला लावला, मग त्याच्या.

"शी! किती कडू!"

"असू दे," मी म्हटले. "मारल्यावर असंच लागायला हवं."

डिस्क मी त्याच दुपारी परत केली. अट एकच घातली, की आतल्या खोलीत दार लोटून खेळायचे नाही; बाहेर बैठकीत, घरातले कोणीतरी शेजारी असताना खेळायचे. त्याची धाकटी बहीण नऊ वर्षांची आहे. तिने विचारले तेव्हा मी तिला स्वच्छ "नाही" म्हणून सांगितले, आणि त्यासाठी मला कुठल्याच खंडाच्या शिक्क्याची गरज वाटली नाही. थोरल्याच्या बाबतीत माझा निर्णय चुकलाही असेल. पण "तो पडला होता" हे ज्या मुलाला कोणी न शिकवता कळते, त्याच्या हातातला खेळ काढून घ्यायचा अधिकार मला नाही. माझ्या हातातली पट्टी काढून घ्यायला तेव्हा असा एखादा शेजारी बसलेला असता, तर बरे झाले असते.

फराळाला बसलो. शंकरपाळे गोड झाले होते, चिवडा खमंग होता. पण कारिटाचा कडवटपणा माझ्या जिभेवरून बराच वेळ गेला नाही, आणि मीही तो घालवायची घाई केली नाही.