पाहुण्याचा मान

आमचें तळेगाव ढमढेरे वेळ नदीकांठचें. दाभाड्यांच्या तळेगांवाशीं घोटाळा होऊन आमचीं पत्रें पूर्वीं मावळांत हिंडून येत. या खेपेस मात्र हरवूं पाहत होता तो आमच्या तीर्थरूपांचा आवाज.

त्यांच्या कीर्तनाचें ध्वनिमुद्रण ज्या जुन्या प्रोग्रॅमांत उघडतें, तो विंडोज एक्सपीवांचून चालत नाहीं. ती पद्धति 2001 सालची; तिची देखभालही 2014 मध्यें थांबली. म्हणून भाच्यानें आमच्या लिनक्सच्या संगणकांत एक आभासी यंत्र उभारून त्यांत एक्सपीस पाहुणा म्हणून उतरविलें. कीर्तन लागलें, पण तीर्थरूप अडखळूं लागले! हयातींत त्यांची जीभ कधीं अडखळली नव्हती. तिथीस आक्का दौंडाहून येणार; तिला आतां दिसत नाहीं, ती येते ती केवळ ऐकावयास.

या मुद्रणांत सेकंदास 44,100 नमुने आहेत. ते लहान लहान गठ्ठ्यांनीं वेळच्या वेळीं पोहोंचवावे लागतात. गठ्ठ्यास उशीर झाला कीं आवाजांत खंड पडतो. हें काम करणारा कामकरी, संगणकवाले त्यास ‘थ्रेड’ म्हणतात, प्रोसेसरसाठीं इतरांबरोबर रांगेंत उभा असतो. भाच्यानें प्रथम एक्सपीच्या आंत त्याचा अग्रक्रम वाढविला. व्यर्थ! “मामा, पाहुण्यानें आपल्या घरीं वाढविलेला मान यजमानाच्या पंगतींत चालत नाहीं,” तो म्हणाला. मग साऱ्या आभासी यंत्रासच पुढें काढलें. आवाज थोडा सुधारला, पण बाकीचा संगणक रांगूं लागला. एकास न्याय देण्यासाठीं त्याच्या सबंध गोतावळ्यास बढती देणें आम्हां प्राध्यापकांस नवें नाहीं.

अखेर त्यानें यजमानाच्या बाजूचा ध्वनीचा तेवढा एकच थ्रेड हुडकला. लिनक्समध्यें तातडीच्या कामांस 1 ते 99 अशा पायऱ्या आहेत. त्यानें दहावी दिली. “नव्याण्णवावी कां नको?” आम्हीं विचारलें. तेथें बसविल्यास यंत्राचीं स्वतःचीं निकडीचीं कामें उपाशीं राहतील, हें एक. शिवाय नुसता मान पुरत नाहीं: किल्ली खालच्याच्या हातीं असून मधलेच त्यास दडपून बसले, तर वरचाही खोळंबतो. 1997 मध्यें मंगळावरील पाथफाइंडर यान याच कारणानें पुनःपुन्हां नव्यानें सुरू होत होतें, व दुरुस्ती पृथ्वीवरून धाडावी लागली.

तिथीस कीर्तन अखंड वाहिलें. एकच खंड उरला. भाचा आंकडा वाढवावयास उठला, तों आक्का म्हणाली, “राहूं दे रे. तेथें अण्णा पाणी पीत.”