त्या पाच हजारांची फोड करून सांगा



गेल्या वर्षी या दिवसांत माझी सून हात डोक्यावर ठेवून झोपायची. आमच्या घरात डोक्याला हात लावलेला मोठ्यांना खपत नाही. मी दोनदा झोपेतच तिचा हात हळूच खाली घेतला आणि दोन्ही वेळा ती कळवळून जागी झाली. पुढे डॉक्टरांकडून कळलं, की हात वर ठेवला की दबलेल्या नसेवरचा ताण जरा सैल होतो, म्हणून माणूस आपोआप तसा झोपतो. मी मात्र त्याआधी दोन महिने तिला "मोबाईल कमी कर" एवढंच ऐकवत होते.

तिचं वय एकेचाळीस. कळ उजव्या खांद्यातून निघायची ती थेट अंगठ्यापर्यंत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर. लाटणं हातातून सुटायला लागलं, तेव्हा एमआरआय काढला. मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर आली होती.

ह्यांच्या मावसभावाच्या ओळखीनं आम्ही सांगलीहून पुण्याला एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या सर्जननी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "कृत्रिम गादी बसवू. माझी मणक्याची पाच हजार ऑपरेशनं झालीत, काळजी करू नका." आठ मिनिटांत आम्ही बाहेर. खाली काउंटरवर पॅकेजचा कागद तयार होता. मावसभाऊ खूष, हे खूष, खरं सांगायचं तर मीही खूष. पाच हजार म्हणजे केवढा अनुभव!

परतीच्या वाटेवर कराडच्या आसपास माझ्यातली बी.कॉम. जागी झाली. आमची हळदीची अडत. वीस वर्षं दुकानाची खतावणी मीच लिहिली. वर्षाची उलाढाल सांगून कुणी दुकानाची स्थिती सांगितली, तर मी विचारायची, कुठल्या खात्यात किती ते सांगा. आणि इथे घरच्या सुनेच्या मानेचा प्रश्न असताना मी नुसत्या बेरजेवर खूष झाले होते. त्या पाच हजारांत कंबरेची किती, मानेची किती, नुसती गादी काढलेली किती, मणके जोडलेली किती? आणि कृत्रिम गादी बसवलेली किती?

हे विचारायला हवं, कारण ही कामं एकसारखी नाहीत. जुनी पद्धत म्हणजे फ्युजन. खराब गादी काढायची आणि दोन मणके एकमेकांना जोडून टाकायचे. नस मोकळी होते, पण तिथली हालचाल संपते आणि शेजारच्या सांध्यांवर भार वाढतो. कृत्रिम गादीत हालचाल राहते. पण ती बरोबर मापाची, बरोबर मध्यावर बसायला हवी. नाही तर ती सरकू शकते. कधी तिच्या भोवती हाड वाढतं आणि मग मणके जोडल्यासारखेच होऊन बसतात. शिवाय मानेचं ऑपरेशन पुढून, गळ्याच्या बाजूनं करतात. शेजारी श्वासनलिका, अन्ननलिका, आवाजाची नस. हे सगळं मी त्या दोन-तीन आठवड्यांत शिकले.

नातवानं मोबाईलवर एक मजेशीर माहिती काढून दिली. कंबरेत बसवायची पहिली नावाजलेली कृत्रिम गादी पूर्व बर्लिनच्या शारिते रुग्णालयात तयार झाली, १९८४ मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली. ती बनवणाऱ्या दोघांपैकी एक बाई होत्या, कारिन ब्युटनर-यांझ. याच बाईंनी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं मिळवली होती! सूनबाई त्या दुखण्यातही हसली.

पुढच्या खेपेला मी वही घेऊन गेले आणि पहिल्या डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "अशा गाद्या वीस-पंचवीस झाल्या असतील." त्यांना तुच्छ लेखायचं नाही, मणके जोडण्यात त्यांचा हात चांगलाच असणार. पण "असतील" हा शब्द मला खटकला. मान पुढे-मागे वाकवून काढायचा एक्स-रेसुद्धा त्यांनी सांगितला नव्हता. मावसभाऊ घुश्शात. "वहिनी, डॉक्टरची परीक्षा घेता का?" मी काही बोलले नाही. हळदीचं कांडं मोडून आतला रंग बघितल्याशिवाय हेच भाऊजी पोतं घेत नाहीत.

दुसरे डॉक्टर मुंबईचे. त्यांनी आधी सूनबाईला मूठ आवळायला, मनगट वर उचलायला लावलं. मग वाकवून एक्स-रे, सीटी स्कॅन आणि हाडांची घनता तपासली. मागचे सांधे झिजलेले असले किंवा हाडं ठिसूळ असली तर ही गादी बसवू नये, म्हणाले. मी वही उघडली. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मानेतल्या कृत्रिम गाद्या किती, दरवर्षी साधारण किती, सगळं त्यांनी सांगितलं. आणि मी विचारायच्या आत पुढचं सांगितलं: दोघांची गादी पुन्हा काढून मणके जोडावे लागले, एका बाईंचा आवाज तीन महिने बसला होता. म्हणजे जमेबरोबर नावेची बाजूही मांडली.

मग म्हणाले, "पण आत्ता ऑपरेशन नको. अशी बरीच दुखणी आपोआप शमतात. ताकद थोडीच कमी आहे. तीन आठवडे औषध आणि व्यायाम. मनगट आणखी पडलं, चालताना तोल गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी फोन करा."

ते तीन आठवडे मी रोज सकाळी तिला पाण्याचा तांब्या एका हातानं उचलायला सांगायची. सोळाव्या दिवशी तांब्या ओट्यावर आपटला. रात्रभर मला झोप नाही. थांबायचं सांगणारा डॉक्टर निवडला ती माझी चूक तर नव्हती? हे काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं, तपासलं आणि चौथ्या दिवशी ऑपरेशन केलं.

आदल्या दिवशी आमचे खास प्रश्न विचारले. शिवायचा धागा आतड्याचा नाही ना? कॅप्सूलऐवजी गोळ्या चालतील का? धागा कृत्रिम होता, गोळ्याही मिळाल्या. पण रक्त थांबवायचा एक स्पंज डुकराच्या जिलेटिनचा असतो. डॉक्टर म्हणाले, "शक्यतो दुसरा वापरतो. जिवावर बेतलं तर मात्र विचारत बसणार नाही." सूनबाईनं माझ्याकडे न बघता "चालेल" म्हटलं आणि सही केली. तेच बरोबर होतं.

गादी नीट बसली. हातातली कळ शुद्धीवर येतानाच गेलेली, बधिरपणा जायला मात्र चार महिने लागले. गिळायला पंधरा दिवस त्रास झाला. वाटीभर मुगाच्या कढणाला अर्धा तास लागायचा आणि इकडे सूर्यास्त जवळ यायचा. तिची घाई बघून मीच म्हटलं, "अगं, सावकाश. औषधात धर ते." अशी सूट देणारी मी कोण, पण दिली.

माझी स्वतःची कंबरही दुखते. जाता जाता डॉक्टरांना विचारलं, मलाही बसवता का एखादी? म्हणाले, "काकू, तुमच्या वयाला नाही." अमेरिकेत तर सरकारी मेडिकेअरनं २००७ मध्ये साठीपुढच्यांना कंबरेच्या कृत्रिम गादीचा खर्चच द्यायचा नाही असं ठरवलं होतं म्हणे. मी आपली सामायिकाला खुर्चीवर बसते.

पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. या वेळी वही सूनबाईनं घेतली आहे. तिचे प्रश्न माझ्यापेक्षा दोन जास्त आहेत.