पुन्हा त्याच खोलीत

बदलीचा हुकूम हाती पडला की माणसाच्या स्वभावाची खरी परीक्षा होते, असे आम्ही आजवर दुसऱ्यांना सांगत आलो. दिल्लीच्या मुख्य कचेरीत एकोणीस वर्षे काढल्यावर गेल्या पावसाळ्यात तो हुकूम आमच्याच टेबलावर आला, आणि त्यावरील 'जबलपूर' हा शब्द वाचताच आमच्या तत्त्वज्ञानाने आमची साथ सोडली. जबलपूर गाव वाईट आहे असे नव्हे. तेथे नर्मदा आहे, भेडाघाटचे संगमरवरी कडे आहेत, मराठी बोलणारी जुनी घराणीही आहेत. परंतु अठ्ठावीस वर्षांपूर्वी उमेदवार म्हणून आम्ही पहिल्याप्रथम रुजू झालो ती हीच कचेरी. सापशिडीच्या पटावर अठ्ठ्याण्णवाच्या घरात पोचलेल्या सोंगटीला सापाने गिळून खाली आणून सोडावे, तशी आमची गत झाली. दर्जा तोच, पगार तोच. पण ज्यांना कचेरीचे मानपान कळतात त्यांना आमचे दुःख निराळे सांगावयास नको.

सौ.ची शाळेतील नोकरी दिल्लीस, त्यामुळे आम्ही एकटेच निघालो. सरकारी बंगली मोठी, माणूस एक. दिवस कसाबसा कचेरीत जाई. संध्याकाळ जाता जाईना. पूर्वी पाहुणे आले तरच निघणारी बाटली आता पाहुण्यांची वाट पाहीनाशी झाली. एकाचे दोन आणि दोनाचे तीन पेले कधी झाले, याची नोंद आमच्यासारख्या हिशेबी माणसानेही ठेवली नाही. रात्री दूरध्वनी वाजे. "अहो, जेवलात का?" "हो, केव्हाच." आणि स्वयंपाक्याने झाकून ठेवलेले ताट सकाळपर्यंत तसेच राही.

अशा दिवसांत आमच्या धाकट्याने, जो चित्रपटांचे संकलन शिकत आहे, जुन्या अमेरिकन दूरचित्रवाणी-नाटकांच्या तबकड्यांचा एक संच धाडून दिला. 'बाबा, तुम्हांला नाटकाचे वेड. एकदा बघा तर,' एवढीच चिठ्ठी. आम्ही बघितल्या त्या केवळ वेळ घालवावा म्हणून. त्यांतील दोन नाटकांचा दिग्दर्शक एकच होता : जॉन फ्रँकनहायमर. या गृहस्थाचे नाव आम्ही चित्रपटांमुळे ऐकून होतो. तो मुळात दूरचित्रवाणीचा माणूस, हे मात्र ठाऊक नव्हते. आणि त्याचे चरित्र वाचू लागल्यावर ते आम्हांला सोडीना.

हा माणूस १९३० साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जन्मला. शिक्षण आटोपून हवाईदलाच्या फिल्म-पथकात शिरला, तेथे कॅमेरा हाताळावयास शिकला, आणि १९५३ साली न्यूयॉर्कच्या सी. बी. एस. कंपनीत साहाय्यक म्हणून लागला. पुढे चित्रपटांत मोठे नाव मिळविणारा सिडनी ल्यूमेट तेव्हा तेथे दिग्दर्शक होता. त्याच्या हाताखाली याची उमेदवारी झाली. ल्यूमेटने जागा सोडली तेव्हा तीवर हा चढला. वय अवघे चोवीस! आमच्या खात्यात या वयाच्या माणसास सुटीचा अर्ज मंजूर करण्याचाही अधिकार नसतो.

त्या काळचे अमेरिकन दूरचित्रवाणी-नाटक म्हणजे काय प्रकार होता, हे आधी सांगितले पाहिजे. चित्र फितीवर मुद्रित करण्याचे यंत्र १९५६ सालापर्यंत वापरात आलेच नव्हते. नाटक स्टुडिओत घडे त्याच क्षणी ते लक्षावधी घरांत दिसे. एका मोठ्या दालनात पाच-सात देखावे शेजारी शेजारी उभे. त्यांच्यामधून जाडजूड तारा मागे ओढीत कॅमेरे फिरत. एका प्रवेशातून सुटलेला नट कपडे बदलीत दुसऱ्या प्रवेशाकडे धावे. दिग्दर्शक या साऱ्यापासून अलग, काचेपलीकडच्या नियंत्रणाच्या खोलीत. समोर प्रत्येक कॅमेऱ्याचा एकेक लहान पडदा. कोणते चित्र कोणत्या क्षणी घराघरांत जावे, हे तो तोंडाने सांगत जाई आणि शेजारचा तंत्रज्ञ कळ दाबी. आपल्या रंगभूमीवर तिसरी घंटा झाली की मागे फिरणे नाही. पण तेथे चुकले तर उद्याच्या प्रयोगात सुधारण्याची सोय असते. येथे उद्याचा प्रयोगच नव्हता. मागे उरे ते एवढेच, की पडद्यावरचे चित्र दुसऱ्या कॅमेऱ्याने फिल्मवर टिपून ठेवीत. ते अंधूक, धुरकट. आणि अशा कित्येक प्रती पुढे नाहीशाही झाल्या.

अशी शंभराहून अधिक नाटके फ्रँकनहायमरने बसविली. 'प्लेहाउस ९०' ही दीड-दीड तासाच्या नाटकांची मालिका १९५६ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, तिचे पहिले नाटक त्याचेच होते. १९५७ साली रॉड सर्लिंगच्या लेखणीतून उतरलेले 'द कॉमेडियन' त्याने केले. जगाला हसविणारा आणि घरच्यांना व हाताखालच्यांना रडविणारा एक विनोदी नट हा त्याचा नायक. ते काम मिकी रूनीचे. नाटक घडते तेच मुळी दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत. आपण पाहतो ते कॅमेरे नाटकातले की खरे, हा आमचा गोंधळ शेवटपर्यंत उडत राहिला. चित्र धुरकट होते हे आम्ही पाच मिनिटांत विसरलो. माणसे घामाघूम होती, आणि तो घाम रंगवलेला नव्हता.

दुसरे नाटक १९५८ सालचे, 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस'. जे. पी. मिलरचे हे लेखन. एक तरुण आणि त्याची तरुण बायको सोबतीने पिऊ लागतात, आणि सोबतीनेच खाली जातात. तो स्वतःला मद्यपी म्हणावयास शिकतो आणि त्यातून वर येतो. तिच्या तोंडून तो शब्द निघत नाही. बस्स, एवढीच कथा. पाहता पाहता आमचा हात पेल्याकडे गेला आणि तेथेच थबकला. नाटकाने आम्हांला उपदेश केला असे नाही. उपदेशाला आम्ही सरकारी नोकरीत पुरते निर्ढावलो आहोत. त्या बाईचे एक म्हणणे, आपल्याला थांबता येते, फक्त आज थांबावेसे वाटत नाही, हे मात्र आम्ही आमच्याच आवाजात ऐकलेले होते.

पुढील चरित्र वेगाने वर जाते. या नाटकाचा १९६२ साली चित्रपट झाला तो दुसऱ्याच दिग्दर्शकाच्या हातून. पण त्याचे शल्य धरावयास फ्रँकनहायमरला सवड नसावी. १९६० च्या सुमारास जिवंत प्रक्षेपित नाटकांचे दिवस संपले आणि तो चित्रपटांकडे वळला. 'बर्डमॅन ऑफ अल्कट्राझ' आणि 'द मँच्युरियन कँडिडेट' दोन्ही १९६२ सालचे. दुसऱ्या चित्रपटात एक सरकारी चौकशीचा प्रसंग आहे. माणसे मागे बोलत असतात आणि पुढ्यात दूरचित्रवाणीच्या पडद्यावर तीच माणसे आपण पाहत असतो. जुनी खोली त्याने बरोबर आणली होती.

मग १९६८ साल उजाडले. रॉबर्ट केनेडी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडत होते आणि त्यांच्या प्रचाराच्या फिल्मांचे काम फ्रँकनहायमरने अंगावर घेतले होते. ४ जून रोजी केनेडी मालिबू येथे त्याच्याच घरी पाहुणे होते. संध्याकाळी त्यानेच गाडी हाकीत त्यांना लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात पोचते केले. मध्यरात्र उलटल्यावर तेथे गोळ्या झाडल्या गेल्या; ६ तारखेस केनेडी निवर्तले. त्या रात्रीनंतर हा माणूस पहिल्यासारखा राहिला नाही. चित्रपट निघत होते, काही चांगलेही. पण पाय घसरला होता. ज्याने १९५८ साली मद्याचे ते नाटक बसविले, तोच सत्तरीच्या दशकात मद्याच्या पुरता आहारी गेला. एखादी गोष्ट जगाला उत्तम समजावून देता येणे आणि ती स्वतःला समजणे यांत केवढे अंतर असते! ऐंशीच्या दशकाच्या आरंभी त्याने ते सोडले. तोवर चित्रपटांच्या नगरीत त्याची गरज फारशी कोणास उरली नव्हती.

आणि १९९४ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, तो दूरचित्रवाणीत परत आला. चित्रपटवाल्यांच्या लेखी ही पायरी खालची. त्याने पहिला विषय घेतला तो ॲटिका येथील तुरुंगात १९७१ साली झालेल्या बंडाचा, 'अगेन्स्ट द वॉल'. मग ब्राझीलच्या अरण्यासाठी प्राण वेचणाऱ्या चिको मेंडीसचे चरित्र, मग यादवी युद्धातील कैद्यांची छावणी 'अँडरसनव्हिल', मग अलाबामाचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस. या चार कृतींबद्दल १९९४ ते १९९८ या काळात त्याला दिग्दर्शनाचे एमी पारितोषिक चार वेळा मिळाले. पन्नाशीच्या दशकात, जेव्हा तो या माध्यमाचा लाडका होता, तेव्हा नामांकनावरच भागले होते. २००२ सालच्या मेमध्ये व्हिएतनामच्या युद्धात रुतत जाणाऱ्या अध्यक्ष जॉन्सनवरील 'पाथ टू वॉर' प्रक्षेपित झाले, आणि जुलैत, मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर, तो वारला.

आता कोणी म्हणेल, पारितोषिके मिळाली म्हणून परतणे गोड झाले. आम्हांला तसे वाटत नाही. 'अगेन्स्ट द वॉल'च्या पहिल्या दिवशी तो कॅमेऱ्यामागे उभा राहिला तेव्हा पारितोषिक कोठे होते? तेव्हा होते ते फक्त काम, आणि तरुणपणी जडलेली एक सवय : समोर माणूस उभा आहे, घड्याळ चालले आहे, आणि निर्णय आत्ताच द्यावयाचा आहे.

दिल्लीत आमच्यासमोर कधी माणूस उभा राहिला नाही. तेथे माणसाची फाईल येई. ती सात हातांतून फिरे. तिच्यावरचा शेरा खोडता येई, पुन्हा लिहिता येई. जबलपूरच्या कचेरीत बुधवारी लोक स्वतः येतात. परवा एक वृद्ध बाई नवऱ्याच्या निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन आल्या. नावातील एका अक्षराच्या चुकीपायी ते दोन वर्षे अडले होते. उमेदवारीच्या काळात आम्ही ज्या खोलीत बसत असू, तिथेच ही भेट झाली. खिडकीबाहेरचा कडुनिंब तेवढा वाढला आहे. कागद नियमाने आमच्या अधिकारात बसत होते. वीस मिनिटांत काम झाले. बाई गेल्यावर आमच्या ध्यानात आले की सकाळपासून आम्ही दिल्लीची आठवण काढली नव्हती.

बाटली आम्ही मोरीत ओतली, असे लिहिले तर वाचकांस बरे वाटेल. पण ते खोटे होईल. ती कपाटात आहे आणि तिच्याशी आमचे भांडण रोज संध्याकाळी नव्याने होते. काही संध्याकाळी आम्ही जिंकतो. परवाच्या बुधवारी रात्री दूरध्वनी वाजला.

"अहो, जेवलात का?"

"नाही," आम्ही म्हणालो. "खरे सांगायचे तर कित्येक रात्री नीट जेवलोच नव्हतो. आता बसतो."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती म्हणाली, "बसा. मी थांबते." आणि आम्ही ताटावरचे झाकण काढले.