बुटांची रात्र

मे महिन्यात दिल्लीत दुपारी बाहेर पडायचं म्हणजे मोहीमच. डोक्याला गमछा, पाण्याची बाटली, शेजारणीच्या आग्रहाखातर खिशात कांदा. दारातल्या चपला तापलेल्या. त्या आधी आत आणून निववायच्या. एवढं करून जायचं कुठे, तर बेनितो हुआरेझ मार्गावरच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनमध्ये, बर्फाचे फोटो बघायला!

लू आणि एव्हरेस्टचा हंगाम एकाच महिन्यात येतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. १९६५ च्या मे महिन्यात, इथे लोक गच्चीवर पाणी शिंपडून झोपत होते तेव्हा, एव्हरेस्टवर एम. एस. कोहलींच्या भारतीय पथकाचा शेवटचा तंबू २७,९३० फुटांवर होता. कोहलींना असा मुक्काम ठाऊक होता. १९६२ साली ते स्वतः शेवटच्या तंबूत तीन रात्री काढून, शिखर चार-साडेचारशे फुटांवर असताना परतले होते.

त्या तंबूत माणसं करतात काय? बहुतेक वेळ स्वयंपाकघरातलं काम. भांडंभर बर्फ वितळवावा तेव्हा घोटभर पाणी, तेही ७२-७३ अंशांनाच उकळायला लागतं. डाळ शिजायचा प्रश्नच नाही, चहाही कोमटच. मग बूट. १९५३ मध्ये, एव्हरेस्ट सर होण्याच्या आदल्या रात्री, तेनसिंग बूट घालूनच झोपले. हिलरींनी काढून ठेवले, ते सकाळी दगडासारखे गोठलेले. जगातल्या सर्वांत उंच शिखराच्या वाटेवरचे दोनेक तास स्टोव्हवर बूट शेकण्यात गेले. मला शिखरावरच्या फोटोपेक्षा हा स्टोव्ह जास्त जवळचा वाटतो.

आणि वाट पाहणं. पासष्टच्या पथकालाही हवामानाने एकदा खाली धाडलं होतं. वेधशाळेचा खास अंदाज आकाशवाणीवरून सांगितला जायचा आणि बर्फातली माणसं रेडिओला कान लावून बसायची. मी पुण्याचा, वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवणाऱ्यांतला. या वेधशाळेचं मुख्यालय १९४४ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलं, त्याआधी सिमल्याहून पुण्याला आलं होतं. म्हणून तर आमच्या शिवाजीनगरच्या बसस्टॉपचं नाव अजून सिमला ऑफिस. त्या खात्याच्या शब्दावर कुणी जीव पणाला लावत होतं, हे वाचून मी छत्रीबद्दल थोडा ओशाळलो.

२० मेपासून २९ मेपर्यंत चार खेपांत नऊ जण माथ्यावर पोचले. कोहली नाहीत, ते पथक सांभाळत खालीच राहिले. शेवटच्या खेपेत मेजर हरिपालसिंग अहलुवालिया होते. त्याच वर्षीच्या युद्धात त्यांना गोळी लागली, मणक्याला इजा झाली, आणि पुढचं आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेलं. वसंत कुंजमधलं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर त्यांनी उभारलं.

एका ओळखीच्यांना भेटायला मी तिथे गेलो होतो. पलीकडच्या खाटेवर विशीतला एक मुलगा व्यायामाला निघायची तयारी करत होता. आई बूट घेऊन पुढे झाली, त्याने मान हलवली. दोन्ही हातांनी स्वतःचा पाय उचलून त्याने मांडीवर घेतला. बूट टाचेशी अडकला, सुटला, पुन्हा अडकला. आई खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली. पहिली लेस बांधून होईपर्यंत आमचा चहा निवला होता. मग त्याने दुसरा बूट मागितला.